‘वासूनाका’: आवडली म्हणवत नाही, बाजूलाही ठेववत नाही

शहापूरची

भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ वाचून संपली. पुस्तक १९६५ सालचं. नाव कधीपासून ऐकून होते, हातात आत्ता आलं. आमच्या बेळगावातल्या वाचनगटात पुढचं पुस्तक सुचवायची पाळी माझी आहे. गटात अर्ध्याहून जास्त मुलंमुली कॉलेजातली, बाकी आम्ही बायका आणि दोन निवृत्त मास्तर. एक मन म्हणतं हेच घे, दुसरं म्हणतं अजिबात नको. म्हणून इथं विचारते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मुंबईतला एक नाका आणि तिथं दिवसभर पडीक असलेली पोरं. पोक्या त्यांच्यातलाच एक, आणि सगळं तोच सांगतो. सलग कथानक असं नाही. वस्तीतलं कुणी ना कुणी येतं, बऱ्याचदा एखादी बाई किंवा पोरगी. तिचं काहीतरी होतं, पोरं बघतात, चघळतात, जमलं तर हात मारून घेतात, आणि पुन्हा नाक्यावर येऊन बसतात. भाषा अस्सल नाक्यावरची. शिव्या, बायकांच्या अंगावरची शेरेबाजी, हिंदी-मराठीची भेळ, सगळं जसंच्या तसं.

आवडलं काय ते आधी सांगते. भाऊ पाध्ये कुठंही मध्ये येऊन बोलत नाहीत. पोक्या वाईट आहे असं ते सांगत नाहीत, आणि परिस्थितीनं बिचारा असा झाला अशी सारवासारवही करत नाहीत. आपल्याकडच्या कादंबऱ्यांत वाया गेलेला पोरगा आला की पुढं दोन प्रकरणांत त्याला एक आजारी आई मिळते आणि शेवटी डोळ्यांत पाणी. इथं तसलं काही नाही. पोक्या सुधारत नाही, त्याला शिक्षाही होत नाही. तो बोलत राहतो आणि आपण ऐकत राहतो. एवढा ताबा फार थोड्या लेखकांकडं असतो.

आता दुसरी बाजू. मी हे पुस्तक पोक्याशेजारी बसून वाचूच शकले नाही. मी नाक्यासमोरून जाणारी. आमच्या भागात संध्याकाळी मागांचा खडखडाट थांबला की कट्टे भरतात. क्लासला निघालेल्या मुली कट्टा यायच्या दहा पावलं अलीकडंच फोन कानाला लावतात. पलीकडं कुणी बोलत नसतं, हे मला माहीत आहे, कारण माझी भाचीच तसं करते. नुसतं ‘हां, हां, आलेच’ म्हणत कट्टा ओलांडायचा आणि कोपऱ्यावर फोन पर्समध्ये टाकायचा. पान उलटताना मला सारखी तीच दिसत होती. पोक्याच्या तोंडून जी पोरगी आपल्याला कळते ती शेवटपर्यंत पोक्याच्या तोंडातच राहते. तिला स्वतःचं एक वाक्य मिळत नाही.

तर गटात घ्यावी का? तुमच्यापैकी ज्यांनी वाचली आहे त्यांनी मनापासून सांगा.

राकसकोप

ताई, आमच्या घरात या पुस्तकाला जागा नव्हती, त्याचं कारण सांगतो. वडील लालबागला गिरणीत होते. आपल्या भागातले पुष्कळ जण तसे होते. खानापूर, चंदगड, बेळगाव तालुका, गावागावांच्या खोल्या होत्या तिकडं. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणं झोपायचं, जेवण खानावळवाल्या बाईकडं. त्या खोलीत अत्र्यांचा ‘मराठा’ पेपर यायचा आणि एक जण मोठ्यानं वाचून दाखवायचा. अत्रे म्हणजे आमच्या वडिलांसाठी संयुक्त महाराष्ट्र. त्या अत्र्यांनी ‘वासूनाका’वर तुटून पडल्यावर प्रश्नच मिटला. वडिलांनी पुस्तक बघितलंही नसेल, पण पाध्ये हे नाव निघालं की त्यांचा चेहरा बदलायचा.

मी वाचली ती वडील गेल्यावर. आणि वाचताना वाटलं, अत्र्यांना घाण दिसली, पण वडिलांना वाचून दाखवली असती तर त्यांना त्यातली माणसं ओळखीची वाटली असती. खोलीतल्या माणसांची बायकापोरं गावाकडं. पाळी सुटली की जायचं कुठं? नाक्यावरच. वडील ज्या गोष्टी आईसमोर कधी बोलले नाहीत आणि म्हातारपणी माझ्याजवळ अर्धवट बोलले, त्या या पुस्तकात आहेत. पाध्ये स्वतः कामगार चळवळीत काम केलेले, नंतर पत्रकारितेत गेले. त्यांनी ही माणसं लांबून बघितलेली नाहीत.

पण एक आहे. पोक्या गिरणी कामगार नाही. काम करून थकलेला माणूस नाक्यावर उभा राहतो ते वेगळं, आणि पोक्यासारखं उभं राहणं हेच काम करून घेतलेला वेगळा. वडिलांच्या पिढीला ही पोरं आवडायची नाहीत. ‘आयतं खाणारी’ म्हणायचे. मलाही पोक्याबद्दल माया वाटली नाही. पुस्तकाबद्दल वाटली.

जांबोटी घाट

माझं शिक्षण सगळं कन्नड माध्यमात. घरात मराठी, शाळेत कन्नड. त्यामुळं छापील मराठी मला जड जातं, खरं सांगतो. चांगली म्हणून दिलेली पुस्तकं वीस पानांपुढं जात नाहीत. ही मात्र दोन रात्रींत संपवली. वाचूलालो आणि डोळ्यासमोर आमचा बसस्टँड दिसूलालाय, असं झालं. मुंबईची भाषा आहे, पण चाल ओळखीची.

मला आठवलं ते अनंतमूर्तींचं ‘संस्कार’. तेही १९६५चंच, आणि त्यावरूनही कन्नडमध्ये भरपूर वादळ झालं. पुढं १९७० साली सिनेमा आला, गिरीश कार्नाड प्राणेशाचार्यांच्या भूमिकेत. त्याच्यावर आधी बंदी आली आणि मग त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात नारणप्पा आहे. दारू पितो, मांस खातो, चंद्री नावाच्या बाईबरोबर राहतो, अग्रहारातला, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतला, एकही नियम पाळत नाही. आणि कादंबरी सुरू होतानाच तो मरतो! पुढचं सगळं त्याच्या प्रेताचं काय करायचं यावर. एवढा मोठा नाठाळ माणूस, पण तो भेटतो तो दुसऱ्यांच्या आठवणींतूनच. पुढं आपल्याबरोबर असतात ते प्राणेशाचार्य. विद्वान, सज्जन, सगळा अग्रहार त्यांच्या तोंडाकडं बघणारा. तेच चंद्रीजवळ जातात आणि मग उरलेली कादंबरीभर स्वतःला सोलत बसतात.

म्हणजे तिथं वाचणाऱ्याला आधार आहे. आपल्यासारखाच चांगुलपणाचा हिशोब ठेवणारा एक माणूस आहे, त्याचा हात धरून पुढं जाता येतं. ‘वासूनाका’त प्राणेशाचार्यच नाहीत. सगळा अग्रहार नारणप्पांचाच. शहापूरच्या ताईंना जे बोचलं ते इथंच असणार असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

मलप्रभाकाठची

मी विरोधात आहे आणि स्पष्ट लिहिते.

आपण सीमाभागात मराठी कशी टिकवतोय हे मुंबई-पुण्याच्या लोकांना कळणार नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा, या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं होतात ती कुणाच्या अनुदानावर उभी नाहीत. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, शाळेच्या मुली नऊवारी नेसून लेझीम खेळतात, मांडवात गावातली म्हातारी माणसं दिवसभर बसून कविता ऐकतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. १९४६ साली बेळगावातच माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. असा सगळा वारसा आहे. आणि आज खेड्यातल्या मराठी शाळांचे पट बघा.

एवढ्या कष्टानं चार मुलं मराठी पुस्तकाजवळ आणून बसवायची आणि त्यांच्या हातात काय द्यायचं, तर पोक्या? मी पुस्तकाची पन्नास-साठ पानं वाचली आणि ठेवून दिलं. बाईकडं बघायची ती नजर मला रस्त्यावर फुकट मिळते. ती विकत घेऊन वाचायची गरज मला वाटत नाही. साहित्यमूल्य असेलही. पण गटातल्या अठरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर, मास्तरांसमोर, गल्लीतल्याच मुलांसमोर त्यावर बोलायला लावणं मला बरं वाटत नाही.

बेळगुंदी

मलप्रभाकाठच्या ताई, संमेलनं आमच्या गावातही होतात, मांडव घालायला मी असतो. पण मांडवात विशीतली पोरं किती असतात? स्वयंसेवक म्हणून असतात, ऐकायला नसतात. त्यांच्याबद्दलचं काही तिथं वाचलंच जात नाही.

मला वेगळंच एक डोक्यात बसलंय. ‘वासूनाका’ १९६५ची. त्यानंतर चार वर्षांनी, १९६९च्या फेब्रुवारीत, सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली. तेव्हाचे उपपंतप्रधान मोरारजी देसाई यांची गाडी अडवायला माहीमला जमाव जमला, गाडी थांबली नाही आणि पुढं कित्येक दिवस दगडफेक, जाळपोळ, गोळीबार. माणसं मेली. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून. त्यातल्या कितींनी बेळगाव बघितलं होतं? रस्त्यावर कोण उतरलं असेल? माझा अंदाज आहे की नाक्यानाक्यावरची पोरंच. पोक्याच्या वयाची, पोक्यासारखीच रिकामी. ज्या पोरांना वस्तीत कुणी विचारत नव्हतं त्यांना कुणीतरी पहिल्यांदा काम दिलं.

म्हणजे आपल्यासाठी ज्यांनी छातीवर गोळी घेतली त्यांच्यात पोक्या असू शकतो. तो माझ्या बहिणीची वाट अडवणारा आहे आणि माझ्या गावासाठी मेलेलाही. ही दोन्ही चित्रं एकाच माणसाची असतील तर मी त्याला हात जोडू की कानाखाली देऊ? पुस्तक वाचल्यापासून हे सुटत नाही.

राकसकोप

बेळगुंदी, तुमचं म्हणणं पोचलं, पण जपून. त्या दिवसांत मेलेल्यांत कामावरून घरी चाललेली माणसंही होती, गॅलरीत उभी असलेलीही असतील. आणि जी सीमाप्रश्नासाठी म्हणून उतरली ती सगळी रिकामटेकडी नव्हती. हिंडलग्याच्या स्मारकाजवळ उभं राहून कुणी आपल्या हुतात्म्यांना नाक्यावरची पोरं म्हणालं तर मला चालणार नाही, मग मुंबईतल्यांना तरी का म्हणावं?

बेळगुंदी

काका, कमी लेखायला म्हटलं नाही. उलट. आपण हुतात्मा म्हटलं की त्याचा फोटो करतो, हार घालतो आणि माणूस संपतो. तो कसा होता, शिव्या द्यायचा का, बायकांशी कसा वागायचा, काही उरत नाही. पाध्ये मला तो माणूस परत देतात. आवडो न आवडो.

शहापूरची

बेळगुंदीदादा, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. मला हे सुचलंच नव्हतं. १९६९ आपल्या घराघरात भक्तीनं सांगितलं जातं, आणि ‘वासूनाका’ जिथं आहे तिथं कपाटाच्या मागच्या रांगेत. दोन्ही एकाच शहरातले, चारच वर्षांच्या अंतरावरचे.

पण माझा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट जड होतो. मोठ्या कामाला लागलेला पोरगा घरी-दारी बाईशी कसा वागतो हे विचारायचंच नाही, ही आपली जुनी सवय. पोक्या मोर्चात गेला म्हणून समोरून जाणारीचा फोन कानावरून खाली येत नाही.

जांबोटी घाट, प्राणेशाचार्यांचं अगदी बरोबर पकडलंत. मला हात धरायला कुणी हवं होतं. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर घ्या. तोही बापाचे पैसे उधळतो, परीक्षा बुडवतो, कुणाच्याच उपयोगाचा नाही. वडिलांवरचा त्याचा राग मला कधी पटला नाही. पण मनी जाते तेव्हाची पानं वाचताना त्याला सगळं माफ होतं. त्या बहिणीसाठी तो जसा तळमळतो तशी तळमळ पोक्याला कुणासाठीच नाही. लेखकानं पोक्याला एक मनीसुद्धा दिली नाही. हे लेखकाचं धाडस म्हणावं की कंजूषपणा?

वेदगंगा

उशिरा आले या धाग्यावर. निपाणीची आहे. आमच्या घरात दोन पिढ्या बायकांनी विड्या वळल्या. सूप मांडीवर, पानं कातरून ठेवलेली, तंबाखूची भुकटी हाताला, साडीला, जेवणालासुद्धा. वखारीत माल द्यायला गेलं की मोजून घेणारा मुद्दाम विड्या बाद करणार, आणि बाद करताना तोंडानं काय काय बोलणार. आजीनं ते आम्हाला सांगितलं, त्याचे शब्दही सांगितले, एकही न गाळता. म्हणून पोक्याची भाषा ऐकून मला धक्का बसला नाही. आजीच्या तोंडून ती मी आधीच ऐकली होती, फक्त उलट्या बाजूनं.

शहापूरच्या ताई म्हणतात, त्या पोरींना स्वतःचं एक वाक्य नाही. बरोबर आहे. पण मी वाचताना निराळं झालं. पोक्या एखादीबद्दल सांगत असतो, त्याला तिचं अंग दिसत असतं आणि पोरांत मारायची फुशारकी. सांगता सांगता तो नकळत इतर गोष्टीही सांगून जातो. घरात कमावणारं कोण आहे, दार किती वाजता उघडं असतं, तिच्याशी कोण बोलतं, कोण बोलायचं थांबलं. या गोष्टींचं त्याला काही नाही, तो पुढं जातो. मी तिथं थांबत होते. त्याला जे कळलंच नाही ते मला कळत होतं, कारण मी तसल्या घरातली. म्हणून त्या बाया मला मुक्या वाटल्या नाहीत. सांगणारा बहिरा आहे, एवढंच. आणि लेखकाला तो बहिरा आहे हे पक्कं माहीत आहे. नाही तर त्यानं या गोष्टी पोक्याच्या तोंडात घातल्याच नसत्या.

मलप्रभाकाठच्या ताईंना मी वाईट म्हणणार नाही. रस्त्यावर जे सोसतो ते घरी बसून पुन्हा कशाला, हे खरंच आहे. पण आजीनं मला ते शब्द लपवून सांगितले असते तर वखारीत तिनं काय सोसलं हे मला कधीच कळलं नसतं. मी ‘त्रास झाला’ एवढंच समजले असते.

जांबोटी घाट

वेदगंगाताई, हे वाचून मी पुस्तक परत उघडलं. पहिल्या वेळी मी हसत होतो. आता दोन प्रकरणं परत वाचली, हसू आलं नाही. हसलो होतो म्हणजे मी कट्ट्यावर बसून वाचत होतो. एवढंच सांगायचं होतं.

मलप्रभाकाठची

वेदगंगा, तुमचं लिहिणं मनाला लागलं. तुमच्या आजींबद्दल आदर वाटला. तरीही आजीनं नातीला सांगणं आणि पुस्तकानं पोक्याच्या तोंडून सांगणं यात फरक आहे. आजी सोसलेलं सांगते. पोक्या केलेलं सांगतो, आणि मजेत सांगतो. वाचणारा तुमच्यासारखा असेल तर त्याला पलीकडचं दिसेल. नसेल तर तो नुसती मजा घेईल. जांबोटी घाट यांनी आत्ता प्रामाणिकपणे तेच लिहिलं आहे. गटातल्या सगळ्या मुलांना दुसऱ्यांदा वाचायची बुद्धी होईल, याची खात्री कोण देणार?

शहापूरची

खात्री मी देऊ शकत नाही, ताई. वेदगंगाताईंचा मुद्दा धरून मी कालपासून पुस्तक पुन्हा चाळलं. काही ठिकाणी त्या म्हणतात तसंच आहे. पोक्याच्या बडबडीतून पलीकडची बाई लख्ख दिसते आणि लेखक आपल्यासाठी ती फट मुद्दाम ठेवतो. पण काही ठिकाणी मला तशी फट सापडली नाही. तिथं पाध्येही पोरांबरोबर रमलेत असं वाटलं. सगळं पुस्तक एकाच मापानं मोजता येत नाही. मोठं पुस्तक आहे हे मी मानते आणि त्यातली काही पानं मला नकोत, हेही तितकंच मानते.

गटात घ्यायचं ठरवलं आहे. पण तीन गोष्टी आधीच सांगून. पुस्तक प्रत्येकानं घरी वाचायचं, बैठकीत मोठ्यानं वाचायचं नाही. ज्याला किंवा जिला अर्ध्यावर ठेवावंसं वाटेल त्यानं ठेवावं, आणि का ठेवलं ते सांगायला यावं. त्या सांगण्याला पूर्ण वाचणाऱ्यांइतकाच वेळ मिळेल. आणि पहिल्यांदा बायका-मुली बोलतील, मास्तर आणि मुलं नंतर. मलप्रभाकाठच्या ताई, तुम्ही पन्नास-साठ पानांवर थांबलात, तुमचं म्हणणं मला त्या बैठकीत हवं आहे. खानापूरहून यायची गाडी मिळत नसेल तर फोनवरून बोला, आम्ही स्पीकर लावू.

मलप्रभाकाठची

येते. विरोध करायला येते हे लक्षात ठेवा.

राकसकोप

माझ्याकडची प्रत जुनी आहे, पानं पिवळी आणि बांधणी सैल, पण वाचण्याजोगी. रविवारी शहापुरात येणार आहे, देऊन जातो. एक सुचवू? भाऊ पाध्यांचीच १९७५ची ‘राडा’ पुढं घ्या. बेळगुंदीच्या प्रश्नाला तिथून पुढची वाट आहे. तिथं तरुण पोरं आणि पक्षाचं राजकारण यांची गाठ पडते. त्याच्यावर मात्र मीही तावातावानं बोलणार, आधीच सांगून ठेवतो.

बेळगुंदी

काका, ‘राडा’ची प्रत असेल तर मला आधी द्या. गटाच्या आधी वाचून ठेवतो.